पिपेटच्या एका आकड्याची ट्रेसेबिलिटी आणि अनसर्टन्टी: पहिल्यापासून शेवटपर्यंत करून बघू

लॅबमध्ये नवीन लागलेल्या बहुतेक मुलामुलींना ट्रेसेबिलिटी म्हणजे फाईलमधलं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आणि अनसर्टन्टी म्हणजे ऑडिटच्या आधी कुणाकडून तरी मागून आणलेली एक्सेल शीट एवढंच माहीत असतं, आणि यात त्यांचा काही दोष नाही, बीएस्सी एमएस्सीला हे फारसं कुणी बसवून शिकवत नाही. मग असेसर, म्हणजे लॅब तपासायला आलेला माणूस, समोर बसून विचारतो की हा ०.३ कुठून आला, आणि शीट तर दुसऱ्याची असते. मला मनापासून वाटतं की हा विषय एकदा स्वतःच्या हाताने, एकाच छोट्या मापावर, शेवटपर्यंत केला की कायमचा कळतो. म्हणून इथे एकच उदाहरण घेतो, १००० मायक्रोलिटरची साधी मायक्रोपिपेट, कारण ती पॅथॉलॉजीत असते, फार्मात असते, पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये असते, कॉलेजात पण असते. ती खरंच १००० मायक्रोलिटर सोडते का, ते पाण्याच्या वजनावरून बघायचं. खालचे आकडे उदाहरणासाठी घेतलेत पण गणित पूर्ण आहे, कॅल्क्युलेटर घेऊन सोबत करा.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट पक्की करून ठेवा. ट्रेसेबिलिटी उपकरणाला नसते, निकालाला असते. आंतरराष्ट्रीय व्याख्येतच तसं आहे, की मोजमापाचा निकाल कॅलिब्रेशनच्या (उपकरण जास्त खात्रीच्या मापाशी ताडून बघण्याच्या) न तुटलेल्या आणि कागदावर नोंदलेल्या साखळीतून एखाद्या संदर्भाला जोडलेला असावा आणि साखळीतल्या प्रत्येक कडीची अनसर्टन्टी, म्हणजे तिथला आकडा किती वरखाली असू शकतो ते, माहीत असावी. म्हणजे बॅलन्स कॅलिब्रेट केलेला आहे पण थर्मामीटर कुठल्या तरी दुकानातला आहे, तर बॅलन्सचं सर्टिफिकेट कितीही चांगलं असलं तरी तुमच्या मायक्रोलिटरच्या आकड्याची साखळी थर्मामीटरपाशी तुटली. आणि कडी आहे पण तिची अनसर्टन्टी माहीत नाही, तरी तुटलीच.

पायरी १: समीकरण लिहा आणि साखळ्या काढा

कोरा कागद घ्या आणि वर लिहा: आकारमान = पाण्याचं वजन × झेड. झेड हा मिलिग्रॅमचं मायक्रोलिटर करणारा गुणक आहे, त्यात पाण्याची घनता आणि हवेच्या उत्प्लावनाची (हवा वस्तूला किंचित वर उचलते त्याची) दुरुस्ती दोन्ही आलं. तो पाण्याच्या तापमानावर आणि हवेच्या दाबावर अवलंबून असतो. म्हणजे आपल्या एका आकड्यात तीन मापं लपलीत, वजन, तापमान, दाब. तिघांची साखळी वेगवेगळी काढायची.

वजनाची साखळी अशी जाते: तुमचा बॅलन्स, तो ज्या वजनांनी कॅलिब्रेट झाला ती ई२ वर्गाची वजनं (अचूक वजनांचा एक वर्ग, ई१ त्याहून अचूक), ती ज्या लॅबच्या ई१ वजनांशी ताडली ती लॅब, आणि तिच्या वर दिल्लीची सीएसआयआर-एनपीएल, म्हणजे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. आपल्या देशाचा किलोग्रॅम तिथे असतो, प्लॅटिनम-इरिडियमची ५७ नंबरची प्रत. भारत मीटर करारात, म्हणजे मापांच्या एककांसाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९५७ मध्ये सामील झाला. पॅरिसजवळच्या सेव्रमध्ये ठेवलेला तो धातूचा ठोकळा म्हणजे किलोग्रॅम, असं आपण शाळेत शिकलो, पण २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावरून केली जाते आणि त्या ठोकळ्याचं व्याख्येतलं स्थान संपलं. तुमच्या रोजच्या कामात याने काही फरक पडत नाही, साखळीचं वरचं टोक तेवढं बदललं.

तापमानाची साखळी तुमच्या थर्मामीटरवरून कॅलिब्रेशन लॅबच्या प्लॅटिनम रेझिस्टन्स थर्मामीटरकडे आणि तिथून पाण्याच्या त्रिक बिंदूसारख्या, म्हणजे ०.०१ अंश सेल्सिअस, ठरलेल्या बिंदूंकडे जाते. दाबाची साखळी बॅरोमीटरवरून. आणि चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात: झेडचा तक्ता शुद्ध पाण्यासाठी आहे, तेव्हा पाणी किमान ग्रेड ३ चं हवं आणि त्याची कंडक्टिव्हिटीची नोंद पण हवी, नळाच्या पाण्याला तो तक्ता लागूच होत नाही.

दाबाबद्दल पुण्या-नाशिकच्या लोकांनी नीट ऐका. मोबाईलच्या हवामान ॲपमध्ये दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो. पुण्यात ॲप १०१० हेक्टोपास्कल दाखवेल पण तुमच्या टेबलावर प्रत्यक्षात ९५० च्या आसपास असतात, कारण शहर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. २५ अंशाला मुंबईत झेड १.००४० येतो, पुण्यात १.००३९. फरक छोटा आहे, हजारात ०.१ मायक्रोलिटर, पण ॲपवरचा दाब रेकॉर्डमध्ये लिहिला की असेसर तिथेच बोट ठेवणार आणि ते बरोबरच आहे.

पायरी २: सर्टिफिकेट वाचा, फाईलला लावायच्या आधी

कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आलं की बहुतेक ठिकाणी तारीख बघून स्टिकर चिकटवतात आणि फाईल बंद. तसं करू नका. आधी बघा की त्यावर मान्यतेचं चिन्ह आणि नंबर आहे का, मग एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी आपल्याकडची संस्था) वेबसाईटवर त्या लॅबचा स्कोप, म्हणजे कुठल्या मापांना मान्यता आहे ती यादी, उघडून बघा की तुम्हाला हवी ती रेंज त्यात खरंच आहे का. वजनाचा स्कोप आहे म्हणून पिपेटचा असेलच असं नाही. स्कोपमध्ये सीएमसी म्हणून एक आकडा असतो, त्या लॅबची सगळ्यात चांगली क्षमता, आणि सर्टिफिकेटवरची अनसर्टन्टी त्याहून कमी दिसली तर फोन लावा, तसं मान्यतेखाली देता येत नाही.

मग आकडे. प्रत्येक बिंदूला एरर किती, अनसर्टन्टी किती, के किती (अनसर्टन्टी ज्या गुणकाने वाढवून लिहितात तो, बहुतेक वेळा २), आणि बॅलन्सची ॲडजस्टमेंट केली असेल तर आधीचे वाचन दिलेत का. हे आधीचे वाचन फार महत्त्वाचे, कारण त्यावरूनच कळतं की गेलं वर्षभर तुमचा बॅलन्स किती चुकत होता, म्हणजेच त्या वर्षातल्या निकालांचं काय करायचं. फक्त ‘ॲडजस्ट करून ओके’ लिहिलेलं सर्टिफिकेट निम्मंच कामाचं.

पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख सर्टिफिकेटवर नाही म्हणून वाद घालू नका. तुम्ही मागितल्याशिवाय ती देऊ नये असं लॅबसाठीच्या आयएसओ १७०२५ या मानकातच आहे, मुदत ठरवणं तुमचं काम, आणि ते बॅलन्सच्या इतिहासावरून ठरवायचं. तसंच वैधमापन खात्याचा शिक्का आणि हे सर्टिफिकेट यात गल्लत नको. तो शिक्का व्यापारासाठी कायद्याने लागतो, पण अनसर्टन्टीच्या बजेटमध्ये (ते पायरी ४ मध्ये येतं) भरायला जो एरर आणि जी अनसर्टन्टी लागते ती त्यातून साधारणपणे मिळत नाही.

अजून एक, बॅलन्स जागेवरच कॅलिब्रेट व्हायला हवा. गुरुत्वाकर्षण जागेनुसार बदलतं, मुंबईत ॲडजस्ट केलेला बॅलन्स तसाच पुण्यात आणला तर १०० ग्रॅमला दहा मिलिग्रॅम किंवा जास्तच फरक पडू शकतो, आणि आपण इथे मिलिग्रॅमचा दहावा भाग वाचतोय. लॅबची जागा बदलली, मजला बदलला, टेबल बदललं तरी निदान ठरलेल्या वजनाने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ३: वजनं घ्या

बॅलन्स ०.१ मिलिग्रॅम वाचणारा हवा, १००० मायक्रोलिटरला तेवढा पुरतो. पाणी, पिपेट, टिप्स सगळं त्याच खोलीत किमान दोन तास ठेवा, आदल्या रात्री ठेवलं तर उत्तम. एसीचा झोत बॅलन्सवर येत असेल तर त्या जागेवर हे काम करूच नका. चाचणी चालू असताना तापमान अर्ध्या अंशाहून जास्त हलायला नको.

नवीन टिप लावा, पाच वेळा पाणी ओढून सोडून ती ओली करा, मग पिपेट उभी धरून टिप दोन ते चार मिलिमीटर बुडवून सावकाश ओढा, सेकंदभर थांबा, बाहेर काढा, भांड्याच्या आतल्या भिंतीला टेकवून सोडा. भांड्यात आधीच थोडं पाणी असू द्या आणि तोंड अरुंद असू द्या, झाकण असेल तर फारच छान. प्रत्येक वेळी टेअर करा (बॅलन्स शून्यावर आणा), सोडा, स्थिर झालं की वाचा, आणि एका फेरीला लागणारा वेळ दरवेळी सारखा ठेवा. दहा वजनं घ्यायची. शेवटी पाणी न सोडता तशाच दहा फेऱ्या करून वजन किती घटतं ते बघा, भागिले दहा, ते तुमचं बाष्पीभवन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कोरड्या हवेत हा आकडा वाढतो आणि पावसाळ्यात कमी होतो, म्हणून एकदा काढून वर्षभर तोच वापरू नका.

समजा पुण्यात २५ अंशाला बाष्पीभवनाची दुरुस्ती करून ही दहा वजनं आली, मिलिग्रॅममध्ये: ९९४.१, ९९५.०, ९९३.६, ९९४.८, ९९४.३, ९९५.४, ९९३.९, ९९४.६, ९९४.०, ९९५.३. सरासरी ९९४.५०. प्रमाण विचलन ०.६२. सरासरीला १.००३९ ने गुणा, ९९८.४ मायक्रोलिटर. म्हणजे पिपेट १.६ मायक्रोलिटर कमी सोडते. आयएसओ ८६५५ मध्ये या आकाराच्या पिपेटला पद्धतशीर चूक ८ मायक्रोलिटरपर्यंत आणि यादृच्छिक चूक ३ मायक्रोलिटरपर्यंत चालते. पास झाली म्हणून इथेच सगळे थांबतात. पूर्ण चाचणीत हेच ५०० आणि १०० मायक्रोलिटरला पण करायचं असतं, इथे लांबण नको म्हणून एकच बिंदू घेतोय.

पायरी ४: बजेट मांडा

बजेट म्हणजे आकड्याला कुठून कुठून धक्का बसू शकतो त्याची यादी. प्रत्येक धक्का प्रमाण विचलनाच्या भाषेत आणायचा, कारण त्याशिवाय त्यांची बेरीज होत नाही. नियम सोपे आहेत. स्वतः वारंवार मोजून काढलं असेल तर प्रमाण विचलन सरळ घ्या (सरासरी वापरत असाल तर भागिले √१०), याला टाईप ए म्हणतात. सर्टिफिकेटवरून घेतलं असेल तर दिलेल्या आकड्याला के ने भागा. आणि ‘अमुक इतकं वरखाली होऊ शकतं, मध्ये कुठेही’ एवढंच माहीत असेल तर त्या इतक्याला √३ ने भागा. शेवटचे दोन टाईप बी. टाईप बी म्हणजे अंदाजपंचे असं समजू नका, सर्टिफिकेटचा आकडा टाईप बी असूनही तुमच्या दहा वजनांपेक्षा जास्त भक्कम असू शकतो.

आपल्या पिपेटचं बजेट, सगळं मायक्रोलिटरमध्ये (इथे १ मिलिग्रॅम जवळजवळ १ मायक्रोलिटर आहे म्हणून सोपं पडतं):

वारंवारिता (तेच माप पुन्हा पुन्हा घेतलं की आकडा किती हलतो): ०.६२ भागिले √१० = ०.२०
बॅलन्सचं सर्टिफिकेट: ०.२, के २, म्हणून ०.१०
कॅलिब्रेशननंतर बॅलन्सचं सरकणं, ±०.२ धरलं: ०.१२
बॅलन्सचं शेवटचं स्थान, अर्धं म्हणजे ०.०५, टेअर आणि वाचन असं दोनदा: ०.०४
पाण्याचं तापमान, थर्मामीटर आणि चढउतार मिळून ०.२ अंश: ०.०५
पिपेटचं स्वतःचं तापमान पाण्याहून ±०.५ अंश वेगळं असू शकतं: ०.०७
बाष्पीभवनाची दुरुस्ती, ±०.१: ०.०६

तापमानाचा ०.०५ कसा आला ते बघा, कारण इथेच मुलं अडकतात. २५ अंशाच्या आसपास पाणी दर अंशाला दहा लाखात साधारण २५७ भाग प्रसरण पावतं, म्हणजे १००० मायक्रोलिटरला ०.२५७ मायक्रोलिटर दर अंशाला. ०.२ अंशाला ०.०५. या ०.२५७ ला संवेदनशीलता गुणांक म्हणतात आणि नाव भारी असलं तरी त्याचा अर्थ एवढाच आहे, की हे एक एककाने हललं तर उत्तर किती हलतं. सूत्र जमत नसेल तर एक्सेलमध्ये तापमान एक अंशाने बदला आणि उत्तर किती बदललं ते बघा, ते पण चालतं. हवेचा दाब मी यादीत घेतलेला नाही कारण हवेची घनता एक टक्का चुकली तरी परिणाम ०.०१ आहे, पण तुमच्या कागदावर ‘तपासलं, नगण्य’ असं एका ओळीत लिहा, गाळलं आणि तपासून सोडलं यातला फरक दिसायला हवा.

दोनदा मोजणी टाळा. बॅलन्सची वारंवारिता वेगळी ओळ म्हणून घालायची गरज नाही, ती पिपेटच्या दहा वजनांच्या ०.६२ मध्ये आधीच आलेली आहे.

आता प्रत्येकाचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. येतं ०.२७. के २ ने गुणलं की विस्तारित अनसर्टन्टी ०.५ मायक्रोलिटर. छान दिसतं ना? पण हे खरं नाही.

पायरी ५: माणूस

वरचं सगळं एका माणसाने एका दिवशी एका बैठकीत केलंय. ती पिपेट रोज चार जण वापरतात, कुणी पटकन सोडतं, कुणी टिप तिरकी धरतं, कुणाच्या गरम हातात ती अर्धा तास असते. म्हणून वर्षभरातल्या तपासण्या काढा, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या दिवशी केलेल्या, तीसेक सरासऱ्या मिळाल्या तर उत्तम, आणि त्या सरासऱ्यांचं प्रमाण विचलन काढा. समजा १.२ मायक्रोलिटर आलं. हे घातलं की वरची ०.२० ची ओळ काढून टाका, कारण ती याच्यातच आहे. पुन्हा बेरीज करा: १.२१. विस्तारित अनसर्टन्टी २.४३, म्हणजे २.४.

०.५ वरून २.४. जवळजवळ पाचपट. आणि आता एक प्रयोग करा, बॅलन्सच्या सर्टिफिकेटची आणि सरकण्याची अशा दोन्ही ओळी शून्य करून टाका, जणू तुम्ही जगातला सगळ्यात महाग बॅलन्स आणला. उत्तर २.४३ वरून २.४१. लाखो रुपयांचा बॅलन्स आणून तुम्ही ०.०२ मायक्रोलिटर कमावले, आणि एका दुपारी चौघांना बसवून पिपेट कशी धरायची ते शिकवलं असतं तर कितीतरी जास्त कमावलं असतं. मला बजेट याच कारणासाठी आवडतं, ते सांगतं की पैसा आणि कष्ट कुठे घालायचे. मोठी ओळ सोडून छोट्या ओळींवर जीव काढणं हा आपल्याकडच्या लॅबमधला फार मोठा अपव्यय आहे आणि तो बघून खरंच वाईट वाटतं.

सरासऱ्या थोड्याच असतील, समजा तिघांच्या तीनच, तर के २ घेऊ नका. स्वातंत्र्यांश (इथे नोंदींची संख्या वजा एक) फक्त दोन उरतात आणि ९५ टक्क्यांसाठी के चारच्या वर जातो. अजून नोंदी गोळा करा हा त्यावरचा खरा उपाय.

पायरी ६: निकाल लिहा आणि निर्णय घ्या

लिहायचं असं: ९९८.४ ± २.४ मायक्रोलिटर, के २, साधारण ९५ टक्के विश्वासपातळी, २५ अंश, ९५ किलोपास्कल, पद्धत अमुक. अनसर्टन्टी जास्तीत जास्त दोन सार्थ अंकांत आणि निकाल तेवढ्याच दशांश स्थानांपर्यंत. ९९८.३७८६ ± २.४२९६ असं लिहिणाऱ्याला अनसर्टन्टी कळलेली नाही हे लगेच दिसतं.

पास-नापासचा नियम आधी ठरवा, आकडा बघून नाही. सुरक्षित नियम असा, की मर्यादेतून अनसर्टन्टी वजा करा, ८ वजा २.४, म्हणजे चूक ५.६ च्या आत असेल तरच बिनधास्त पास. आपली १.६ आहे, प्रश्नच नाही. ६.५ आली असती तर खरी चूक ४.१ ते ८.९ मध्ये कुठेही असू शकते, तेव्हा पास म्हणायचं असेल तर त्यात जोखीम आहे हे ग्राहकाला माहीत हवं आणि नियम त्याच्याशी आधी बोलून ठरलेला हवा.

पायरी ७: पुढच्या मापात वापरा

पिपेटचा आकडा हा काही शेवट नाही, तो पुढे डायल्यूशनमध्ये जातो. तिथे तुम्ही एकदाच पिपेट करता, दहा वेळा करून सरासरी घेत नाही, म्हणून तिथे ०.६२ पूर्ण घालायचं, √१० ने न भागता. मग २.४ चे २.७ होतात. ही चूक मी फार शीट्समध्ये बघितलीय.

आणि ते −१.६ विसरू नका. रोजच्या कामात तुम्ही १००० लावता आणि १००० च धरता, दुरुस्ती करत नाही, मग ती चूक निकालात राहते. एक साधा मार्ग आहे: पिपेट आयएसओच्या मर्यादेत आहे हे तपासलंय एवढंच वापरायचं, ८ भागिले √३, म्हणजे ४.६ मायक्रोलिटर, ०.४६ टक्के. हे जास्त आहे पण खूप ठिकाणी पुरतं. तुमच्या पद्धतीच्या बाकी सगळ्या गोष्टी मिळून ३ टक्के असतील तर ०.४६ घातल्यावर ३.०४ होतात, तिथे पिपेटवर डोकं लावायची गरज नाही, रिकव्हरी (नमुन्यात घातलेल्या पदार्थापैकी किती परत मोजला गेला) आणि स्टँडर्डकडे बघा. स्टँडर्ड घेताना बाटलीवर ‘ट्रेसेबल’ छापलंय एवढ्यावर जाऊ नका. सर्टिफाईड संदर्भ द्रव्य असेल तर सोबत किंमत, अनसर्टन्टी आणि साखळी कुठे जाते ते लिहिलेलं असतं. एनपीएलची ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ नावाची मालिका त्यासाठीच आहे.

पॅथॉलॉजीवाल्यांनी मात्र ग्लुकोज-क्रिएटिनिनसाठी असं पिपेटपासून बजेट बांधत बसू नये. तिथे कित्येक महिन्यांच्या अंतर्गत क्वालिटी कंट्रोलच्या नोंदींचं विचलन आणि कॅलिब्रेटरची अनसर्टन्टी एवढ्यावरून वरून खाली यायचं, आयएसओ टीएस २०९१४ मध्ये तीच वाट दिली आहे.

पायरी ८: चालू ठेवा

रोज काम सुरू करायच्या आधी एका ठरलेल्या वजनाने बॅलन्स तपासा, चिमट्याने उचला, आकडा तक्त्यावर मांडा, नुसतं ‘ओके’ लिहू नका, कारण बॅलन्सच्या सरकण्याचे जे ±०.२ आपण धरले ते खरे की खोटे हे याच तक्त्यावरून कळणार. पिपेट महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा, वापर किती आहे त्यावर, पाच-दहा वजनांनी बघा आणि दरवेळी वेगळ्या माणसाला द्या. टिपचा ब्रँड बदलला, पिपेटचं सील बदललं, नवीन माणूस आला, लॅब हलली, की बजेट उघडा आणि ती एक ओळ पुन्हा मोजा, बाकीचं तसंच राहू द्या. ग्लिसरॉल, सीरम, अल्कोहोल असलं काही त्याच पिपेटने घेत असाल तर पाण्यावरचा हा आकडा तिथे चालत नाही, त्या द्रवाची घनता घेऊन त्याच्यावर वेगळी वजनं घ्या आणि त्याचं बजेट वेगळ्या पानावर ठेवा.